दहा दिवसांत कल्पक

एप्रिल लागला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात पुंडलिकनगर रोडवरचे विजेचे खांब दिसेनासे होतात. गजानन महाराज मंदिराकडून आत वळलं की खांबागणिक एक फ्लेक्स. कुठं 'क्रिएटिव्ह किड्स', कुठं 'सृजन शिबिर', कुठं 'मेंदूची शंभर टक्के क्षमता'. फोटो सगळीकडं एकाच जातीचा: चष्मा घातलेलं गोरंगोमटं परदेशी पोरगं आणि त्याच्या डोक्यावर पेटलेला बल्ब. खाली मुदत दहा दिवस, वय ५ ते १५, प्रवेश मर्यादित. आणि एक ओळ कधीच चुकत नाही: कल्पकता वाढेल, आत्मविश्वास वाढेल.

मी याच वस्तीत राहतो. चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली आणि निवृत्तीनंतरही घरी चार पोरं येतात. त्या ओळीतला दुसरा दावा खरा आहे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. आत्मविश्वास वाढतो. भरमसाट वाढतो. पहिल्या दाव्याचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. पोरगं स्टेजवर न अडखळता बोललं की ते कल्पकही झालं, असं आईबाप धरून चालतात. सगळा धंदा उभा आहे तो या गफलतीवर.

समारोपाला पूर्वी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलवायचे. आता बोलवत नाहीत. शेवटचा समारोप सांगतो. मंगल कार्यालयाचा हॉल, भिंतीला ताणलेल्या सुतळ्या, सुतळ्यांना कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली चित्रं. काळा कार्डशीट, त्यावर झाड, झाडाला इअरबडनं टिपलेली गुलाबी फुलं, उजव्या कोपऱ्यात चमकीचा चंद्र. तीसेक चित्रं आणि सगळी झाडं डावीकडंच झुकलेली. कारण खोडाचा पुठ्ठ्याचा साचा शिबिराच्या मॅडमनी घरूनच कापून आणला होता. पोरांनी तो गिरवायचा आणि फुलं टिपायची. शेवटच्या सुतळीवर, स्पीकरच्या खोक्याआड एक चित्र निराळं होतं. त्यात चंद्राच्या जागी विजेची डीपी होती, डीपीतून निघालेल्या वायरी होत्या आणि एका वायरीला अडकलेला पतंग. खोडाचा साचा त्या पोरानं आडवा ठेवला होता आणि त्याचा रस्ता करून टाकला होता. मी विचारलं, हे मागं का? मॅडम म्हणाल्या, "सर, त्यानं सूचना नीट ऐकल्याच नाहीत." भाषणात मी तेवढंच चित्र उचलून सगळ्यांना दाखवलं. बोलावणी बंद झाली ती तेव्हापासून.

पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ ही बक्षिसं अर्थातच डाव्या झुकाववाल्यांना गेली. बक्षिसांवरून आठवलं. अमेरिकेतल्या तेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली एक साधा प्रयोग छापला होता. ७ ते ११ वयाच्या मुलींना रंगीत कागदांची चिकटचित्रं करायला दिली. काहींना आधीच सांगितलं होतं की चांगल्या चित्रांना बक्षीस आहे. काहींना सांगितलं होतं की बक्षिसं चिठ्ठ्या टाकून द्यायची आहेत. जाणकार चित्रकारांनी कुणाचं काय हे माहीत नसताना परीक्षण केलं, तर बक्षिसासाठी झटलेल्या मुलींची चित्रं कमी कल्पक ठरली. चाळीस वर्षं उलटून गेली. आमच्या शिबिरांत अजून उत्तेजनार्थ चालू आहे.

आता खरं शिकणं कसं असतं ते सांगतो. माझ्याकडं नवीन पोरगं आलं की मी त्याच्यासमोर स्टुलावर एक पितळी लोटा ठेवतो आणि म्हणतो, काढ. ते झपाझप काढतं. लोट्याचं तोंड पूर्ण गोल काढतं, कारण तोंड गोल असतं हे त्याला माहीत आहे. आणि बूड पट्टीनं मारल्यासारखं सरळ काढतं, कारण लोटा स्टुलावर बसला आहे हेही त्याला माहीत आहे. चित्र पूर्ण होतं, पोरगं खूश. मग मी त्याला एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीनं तोंडाची रुंदी आणि उंची मोजायला लावतो. तोंड गोल नाही, चपटं दिसतंय. आणि बुडाची कड, जी सरळ असायला हवी, ती तोंडापेक्षाही जास्त वाकलेली आहे. त्या क्षणी पोराचा चेहरा उतरतो. इतकी वर्षं आपण जे काढत होतो ते पाहून काढतच नव्हतो, हे त्याला कळतं. पुढचे काही आठवडे त्याचं चित्र आधीपेक्षा वाईट येतं. रेघ बिचकते, खोडरबर झिजतं, कागदाला भोक पडतं. काही जण इथंच सोडून जातात. जे टिकतात त्यांचा हात वळतो, आणि हात वळल्यावर एक दिवस त्यांना तो लोटा आडवा पाडावासा वाटतो, फुटका काढावासा वाटतो, त्यात मावळतीचं ऊन भरावंसं वाटतं. कल्पकता म्हणतात ती ही. ती लोट्यानंतर येते, लोट्याआधी येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या प्रशिक्षणात तुमचा आत्मविश्वास एकदाही पडला नाही, त्यात तुम्ही काही शिकला नाहीत. विहिरीच्या काठावर टाळ्या वाजवून कुणी पोहायला शिकत नाही. पाठीला डबा बांधून उतरावं लागतं, नाकातोंडात पाणी जावं लागतं. दहा दिवसांच्या शिबिराला हे परवडणारं नाही. पाचव्या दिवशी पोरगं रडवेलं होऊन घरी गेलं तर आई सहाव्या दिवशी फी परत मागायला येईल. म्हणून तिथं जे जे पडू शकतं ते सगळं आधीच काढून टाकलेलं असतं, आणि साचा घरून कापून आणलेला असतो.

"सर, तुम्ही जुन्या वळणाचे. यावर जगभर संशोधन झालंय," असं एक तरुण प्रशिक्षक मला म्हणाले. झालंय ना. तेच तर मी वाचतो.

जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकी मानसशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदावरून सांगितलं की आपण बुद्धी मोजत बसलो, सर्जनशीलतेकडं कुणी पाहिलंच नाही. मग ती मोजायची कशी? प्रश्न निघाले: विटेचे किती उपयोग सांगता येतील? जास्त उपयोग, वेगळे उपयोग, जास्त गुण. १९६६ साली टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पण चाचणी आली की तिच्या मागोमाग तिचा क्लास येतो, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. आज शिबिरात पोरं विटेचे, टाचणीचे, पेपरक्लिपचे उपयोग सांगतात. पहिल्या दिवशी आठ, दहाव्या दिवशी बावीस. आलेख वर जातो. तो आलेख पालकांना दाखवतात. विटेचे बावीस उपयोग सांगणाऱ्या पोराला भिंत बांधता येते का, हे विचारायचं नाही.

'ब्रेनस्टॉर्मिंग'ची गत याहून मजेशीर. हे खूळ काढलं ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्यानं. गटात बसा, सुचेल ते बोला, कुणी कुणाला नावं ठेवू नका, कल्पनांचा पाऊस पडेल, असं त्यांचं १९५३ सालचं पुस्तक सांगतं. पाचच वर्षांनी, १९५८ साली, येल विद्यापीठात तिघांनी ते तपासून पाहिलं. चौघं एकत्र बसले की जेवढ्या कल्पना निघतात, त्याच्या जवळपास दुप्पट निघाल्या चौघांना वेगवेगळ्या खोलीत एकेकटं बसवल्यावर. गटात बसलेल्यांना मात्र आपण फार कल्पक झालो असं वाटत असतं, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. वाटण्याचा आणि असण्याचा काडीमोड इतका जुना आहे. तरी शहराजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांतली साहेब मंडळी अजून हॉटेलच्या एसी हॉलमध्ये काचेवर पिवळे कागद चिकटवतात.

मी एकतर्फी बोलतोय असं कुणाला वाटायला नको. २००४ साली स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड या तिघांनी ७० अभ्यास एकत्र करून पाहिले आणि सर्जनशीलतेच्या प्रशिक्षणाचा उपयोग होतो असाच निष्कर्ष काढला. प्रशिक्षक मंडळी हे एवढंच वाक्य सांगतात. त्याच निबंधात पुढं असं आहे की फायदा सगळ्यात जास्त दिसतो तो कल्पना सुचवण्याच्या आणि कोडी सोडवण्याच्या परीक्षांत; प्रत्यक्ष काही घडवून दाखवण्याची वेळ आली की तो बराच आखडतो. आणि जे अभ्यासक्रम चालले, ते त्या त्या विषयाला धरून खऱ्या कामाचा सराव देणारे होते. म्हणजे लोटा. २०२४ साली 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये पाच दशकांच्या अभ्यासांची पुन्हा झडती घेतली गेली. फसलेले प्रयोग कपाटात राहतात आणि जमलेले छापून येतात, ही गोष्ट हिशेबात धरली तर परिणामाचा आकडा निम्म्याच्या आसपास येतो.

आत्मविश्वास वाढवण्याचं तर सरकारी पातळीवर करून झालं आहे. कॅलिफोर्निया राज्यानं १९८६ साली नागरिकांचा स्वाभिमान वाढवायला चक्क कृतिदल नेमलं. स्वतःबद्दल चांगलं वाटलं की अभ्यास सुधारेल, गुन्हे घटतील, सगळं मार्गी लागेल अशी अपेक्षा. १९९० साली अहवाल आला, शाळाशाळांतून 'तू खास आहेस' सुरू झालं. २००३ साली बाउमाइस्टर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं, तेव्हा दिसलं की स्वतःबद्दल चांगलं वाटल्यानं परीक्षेत चांगलं येत नाही. उलट चांगलं आलं की थोडंफार चांगलं वाटतं. आणि शिबिरवाले ज्यांचं नाव घेतल्याशिवाय बोलत नाहीत त्या अल्बर्ट बांडुरांनी तर १९७७ सालीच लिहून ठेवलंय की 'मला जमेल' हा भरवसा सगळ्यात पक्का बसतो तो स्वतः करून जमल्यावर. दुसऱ्यानं 'तुला जमेल' म्हटल्यानं येणारा भरवसा कच्चा. पहिल्या ठेचेला जातो. शिबिरात हेच उलटं टांगलंय. जमवायचं राहू द्या, आधी भरवसा घ्या, पावती काउंटरवर.

बोटांचे ठसे घेऊन पोराची प्रतिभा सांगणारे आणि डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला लावणारे 'मिडब्रेन'वाले यांच्याबद्दल मी लिहीत नाही. ती उघड बनवाबनवी आहे, अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी तिचा पुरता समाचार घेतलाय. माझं भांडण सभ्य लोकांशी आहे.

त्या सभ्य लोकांत माझी स्वतःची, चित्रकला शिक्षकांची जमात पहिली येते. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. हे गुण सुरू झाले आणि गर्दी उसळली. माझ्या दारात पालक येतात ते थेट हिशेब घेऊन: "सर, ए मिळेल ना? सात गुण वाढवायचेत." आणि आमच्यातल्या पुष्कळांनी दुकान लावलं. स्मरणचित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं. त्याचे तयार नमुने निघाले: बसथांबा, भाजीबाजार, सर्कस. छत्री घेतलेली बाई, टोपली घेतलेली बाई, पाठमोरा म्हातारा, फुगेवाला, अशा सात-आठ आकृत्या घोटून घ्यायच्या आणि विषय कुठलाही येवो, त्याच माणसांची जागा बदलायची. पुंडलिकनगरात वाढलेलं लेकरू, ज्याच्या गल्लीत आठवड्यानं पाणी येतं आणि पाणी आलं की घराघरांतून नळ्या, मोटारी, ड्रम आणि भांडणं रस्त्यावर येतात, त्याला 'पाणी भरणे' विषय दिला तर ते विहिरीवर घडा घेतलेल्या नऊवारीतल्या दोन बाया काढतं. विहीर त्यानं जन्मात पाहिलेली नसते. नमुन्यात तीच होती. अशा पोराला ए मिळते, आणि दहावीची ७ गुणांची नोंद झाली की ब्रश माळ्यावर जातो.

या शहराला सर्जनशील माणूस कसा घडतो हे माहीत नाही असं मुळीच नाही. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागानं आणि इथल्या हौशी संस्थांनी मराठी रंगभूमीला माणसं पुरवली. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी इथल्याच 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढं गेले. १९९१ साली एकानं लिहिलेलं आणि दुसऱ्यानं बसवलेलं 'चारचौघी' हे नाटक मुंबई-पुण्यालाही टाळता आलं नाही. एकांकिकेच्या तालमी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना विचारा. एकेक एंट्री दहा वेळा घेतात. 'ऐकू येत नाहीये' म्हणून दिग्दर्शक खेकसतो. पोरगं रडतं, दुसऱ्या दिवशी परत येतं. तिथं कुणी आत्मविश्वास वाटत नव्हतं. तिथं प्रयोगाची तारीख ठरलेली असायची.

किंवा वाळूजला चला. आमच्या गल्लीतला एक जण प्रेस शॉपला आहे, आयटीआय झालेला. पार्ट फिक्स्चरमध्ये उलटा बसायचा, छिद्र चुकीच्या बाजूला पडायचं, माल भंगारात. इंजिनिअरांनी बोर्ड लावला: 'पार्ट नीट तपासून बसवा.' यानं फिक्स्चरला एका कडेला एक छोटी पिन बसवून घेतली. आता पार्ट उलटा बसूच शकत नाही. जपानी लोक याला पोकायोके म्हणतात. यानं आधी पिन बसवली, नाव नंतर कळलं. कायझेनच्या, म्हणजे कामातल्या सुधारणांच्या फॉर्मवर फोटो लागला, प्रमाणपत्र मिळालं. पुढं कंपनीनं सगळ्या कामगारांना सर्जनशीलतेच्या प्रशिक्षणाला बसवलं. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकानं त्याला विचारलं, तुम्ही स्वतःला क्रिएटिव्ह समजता का? दहापैकी किती? त्यानं तीन लिहिले. पिवळ्या कागदांचे खेळ झाले, संध्याकाळी पुन्हा विचारलं, त्यानं साहेबांच्या समाधानासाठी आठ केले. प्रशिक्षण यशस्वी. ती पिन तीनच्या दिवसांतली आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे, तो टाळणार नाही. "सर, लेकरू बुजरं आहे, चार लोकांत तोंड उघडत नाही. शिबिरात गेलं तर काय वाईट?" काहीच वाईट नाही. उन्हाळ्यात पोरांनी एकत्र यावं, रंगात हात घालावेत, ओरडावं. ज्या पोराला घरी आणि वर्गात 'तुझ्याच्यानं काही होत नाही' एवढंच ऐकवलं गेलंय, त्याला कुणीतरी 'बस इथं, करून बघ' म्हणणं हे औषध आहे, हे मी पाहिलंय. पण ते पोरगं शिबिराला येत नाही. त्याचा बाप ठेकेदाराकडं रोजावर आहे. शिबिराला येतं ते ज्याला घरात उठताबसता 'वाव' मिळतो ते. ज्याच्याकडं आत्मविश्वास उतू चाललाय त्यालाच तो विकायचा, कारण पैसे त्याच्याच बापाकडं आहेत. आणि विकायचाच असेल तर 'मजा शिबिर' म्हणा ना. मी स्वतः नातवंडांना पाठवीन. कल्पकतेचा शिक्का कशाला?

शाळेनं हे करायला हवं, हे सगळेच म्हणतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथं कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ निदेशक हवेत. आपल्या मुलांच्या शाळेत जाऊन बघा कलेच्या तासाला कोण येतं ते. बहुधा गणिताचे सर येतात आणि राहिलेला धडा घेतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सर्जनशीलता पानोपानी आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचं आवरण होतं आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. "पोरं तोडतील," शिपाईमामा म्हणाले. तोडू द्या की. नाहीतर कशाला आणलंय?

तेव्हा शिबिरवाल्या सभ्य मित्रांना माझं जाहीर आव्हान आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या शिबिराची वीस पोरं घ्या. याच वस्तीतली, त्याच वयाची, शिबिराला न गेलेली वीस पोरं मी गोळा करतो. शिबिर संपल्यावर एक वर्ष जाऊ द्या. मग चाळिसांनाही एकच विषय, कोरा चौथाई कागद, तीन तास. साचा नाही, मॅडम नाहीत, बक्षीस नाही. मागं नाव न लिहिता सगळी चित्रं मिसळा आणि भिंतीवर लावा. परीक्षक मी आणत नाही, तुम्हीच आणा. अट एकच, त्यांना स्वतःला चित्र काढता आलं पाहिजे. तुमची वीस ओळखू आली, तर पुढच्या वर्षीचा तुमचा फ्लेक्स मी स्वतःच्या खर्चानं छापून खांबावर बांधून देईन. हॉलचं भाडं तर आत्ताच भरायला तयार आहे.